चहा ठेवायचा कुठं?

कागदावरचं टेबल आण्णांनी चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकापाशी नेऊन पाहिलं. वरून, समोरून, बाजूनं, तिन्ही व्ह्यू. माझं पोटच ड्रॉइंगवर चालतं, त्यामुळं ड्रॉइंगमध्ये खोट निघायची भीती नव्हती. मधोमध बत्तीस इंची पडदा, भोवती सारखी दीड इंचाची सागवानी पट्टी, खाली चार पाय, पोटात जुना लॅपटॉप. आण्णांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "झ्याक हाय. पण चहा ठेवायचा कुठं?"

"आण्णा, हे टचस्क्रीन आहे."

"ते कळलं रे. टीपॉय हाय न्हवं?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडं कॉफी टेबल असं कुणी म्हणत नाही. कॉफी घरात झालीच तर ताप आलेल्या माणसासाठी, नाहीतर पुण्याच्या पाहुण्यांसाठी. बाकी सगळा टीपॉयच. हा शब्द मला आवडतो, कारण तो सगळ्या बाजूंनी चुकलेला आहे. मुळात ही तीन पायांची तिपाई, आपल्या तिवईची बहीण. इंग्रजांना त्या 'ती'मध्ये त्यांचा 'टी' ऐकू आला आणि तिपाईचा टीपॉय झाला. पुढं त्याला चौथा पाय फुटला तरी नाव तीन पायांचंच राहिलं. चहाशी त्याचं नातं म्हणजे निव्वळ ऐकण्यातली गफलत. पण एकदा चहा चिकटला तो चिकटलाच, आणि मी नेमका तोच विसरून ड्रॉइंग काढलं होतं.

टेबलाचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते आण्णांच्या बोटांमुळं.

आण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथ चालवली. कास्ट आयर्नचा काळा भुगा, कुलंटचं दुधट पाणी, आणि जॉब उतरवला की त्याच्यावरून अंगठा फिरवून फिनिश बघायची सवय. त्या अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची कातडी पायताणाच्या तळासारखी झाली आहे, टणक आणि गुळगुळीत. रेषा नावालाच. पण ही बोटं आंधळी नाहीत. शाफ्टवर दोन थाऊचा चढ असला तर त्यांना तो मायक्रोमीटर लावायच्या आधी कळायचा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांना तो बोटानं कळत असणार.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातात मोबाईल आला आणि ही बोटं एकाएकी निकामी ठरली. मोबाईलच्या काचेखाली तारांची अदृश्य जाळी असते, तिच्यात विजेचा हलका भार खेळत असतो. बोट आलं की त्यातला थोडा भार बोटाकडं जातो, आणि तेवढ्या फरकावरून फोन जागा ओळखतो. म्हणजे फोनला बोट हवं ते वीज वाहणारं, जरा ओलसर, जिवंत कातडीचं. आण्णांचं वाळलेलं जाड बोट त्याच्या हिशोबी लाकडाचा तुकडा. मग ते जोर लावायचे. लोखंड जोर लावल्यावर ऐकतं, फोन ऐकत नाही. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. आजही ते डाव्या हाताच्या करंगळीनं फोन उचलतात. तेवढं एक बोट लेथनं त्यांच्याकडं शिल्लक ठेवलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे हयातीचा दाखला. दर वर्षी पेन्शनसाठी एका केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा. अंगठा लावा. पुसून लावा. दाबू नका. दुसरा लावा. पाठीमागं रांग. समोर धडधाकट माणूस बसलेला, स्वतःचं नाव सांगतोय, गाव सांगतोय, आणि यंत्र म्हणतंय पुन्हा प्रयत्न करा. एका वर्षी पाचव्यांदा हात मागं घेताना ते काउंटरवरच्या पोराला म्हणाले, "हयात हाय रं मी, अंगठा तेवढा गेलाय." पोरगं हसलं. आण्णा हसले नाहीत. अलीकडं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहरा बघूनही दाखला निघतो, त्यामुळं तो त्रास मिटला. पण तो अंगठा माझ्या डोक्यातून गेला नाही.

खरं तर आण्णांच्या बोटाला नकार देणारं पहिलं यंत्र मीच बनवलं होतं. २००९ साली.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जेफ हान यांनी २००५ मध्ये स्वस्तात बहुस्पर्शी पडदा करायची रीत मांडली आणि २००६ मध्ये ती मंचावर करून दाखवली. एका वेळी दहा बोटांनी चित्रं ओढणारा, ताणणारा तो माणूस आम्ही सायबर कॅफेत बफरिंगच्या आचक्यांसह पाहिला. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अख्खं टेबलच आणलं, सरफेस नावाचं. तीस इंची पडदा, पोटात प्रोजेक्टर आणि पाच इन्फ्रारेड कॅमेरे. किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळचे चार लाख रुपये. चार लाखांत तेव्हा आमच्या भागात दोन खोल्या निघाल्या असत्या.

हानच्या रीतीचं तत्त्व मात्र कुणाच्याही घरात बघता येतं. काचेच्या पेल्यात पाणी भरा, पेला मुठीत धरा आणि वरून, पाण्यातून तिरपं पेल्याच्या कडेकडं बघा. कड चांदीसारखी चमकते, पलीकडची आपलीच बोटं दिसत नाहीत. आता बोट घट्ट दाबा. फक्त जिथं कातडी काचेला खरीखुरी चिकटली तिथं बोटाच्या रेषा उमटतात. ॲक्रिलिकच्या जाड शीटमध्ये कडेनं इन्फ्रारेड उजेड सोडला की तोही असाच आत कोंडून राहतो. उभ्या रेषेपासून साधारण ४२ अंशांहून जास्त तिरपा आदळला की तो बाहेर पडत नाही, वरखाली उसळत पुढं जातो. वरून बोट टेकलं की त्या जागी तो फुटतो आणि खाली सांडतो. खाली कॅमेरा ठेवला की झालं.

रेडियमच्या दुकानातून दहा मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणलं. कडा वॉटर पेपरनं घासल्या, चारशे नंबरपासून दोन हजारपर्यंत, मग ब्रासो. तीन रात्री घासत होतो. वेबकॅमच्या भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी बारीक काच काढून टाकली आणि तिच्या जागी जुन्या फ्लॉपीच्या आतली तपकिरी चकती कापून बसवली. ती चकती दिसणारा उजेड अडवते, इन्फ्रारेड जाऊ देते. प्रोजेक्टर एका रात्रीपुरता उसना. वर ट्रेसिंग पेपर न घालता आधी नुसत्या शीटवर बोटं टेकून बघितली, आणि कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके उमटले. माझी दहा, मित्राची दहा. रात्री दोन वाजता आम्ही इतका आरडाओरडा केला की आण्णा उठून आले.

त्यांनी हात लेंग्याला पुसला, बोट टेकवलं. काही नाही. जोरात टेकवलं. काही नाही. माझ्या मित्राची घामट बोटं लखलख उमटत होती, आण्णांच्या बोटाचा पत्ता नव्हता. ते क्षणभर बोटाकडं बघत राहिले, मग देवळीतली खोबरेल तेलाची बाटली घेतली, एक थेंब चोळला आणि परत टेकवलं. रुपयाएवढा पांढराशुभ्र ठिपका उगवला.

"वंगण लागतंय त्याला," म्हणाले, आणि झोपायला गेले.

वाळलेली कातडी काचेला नीट चिकटत नाही, मध्ये हवा राहते, उजेड फुटत नाही. तेलानं ती फट भरली. हे सगळं मी नंतर वाचलं. आणखी बऱ्याच वर्षांनी कळलं की अंगठा घेणाऱ्या बऱ्याच यंत्रांच्या पोटात हेच तत्त्व असतं: काचेचा लोलक, आत कोंडलेला उजेड, आणि रेषा टेकल्या तिथं फुटलेला. म्हणजे केंद्रातलं ते यंत्र माझ्याच टेबलाचं भावंड निघालं. केंद्रात कुणी खोबरेल तेल ठेवत नाही एवढाच फरक.

ते टेबल एका रात्रीचं होतं. सकाळी प्रोजेक्टर परत गेला, ॲक्रिलिकचं शीट पुढं कितीतरी वर्षं आईनं पापड लाटायला वापरलं.

पंधराएक वर्षांनी पुन्हा हौस आली ती एका जाहिरातीमुळं. इन्फ्रारेडची चौकट, बत्तीस इंची, दहा बोटं ओळखणारी, ७,९०० रुपये. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, सगळं मिळून पंधरा हजार. वर एक रुपया गेला तर टेबल बाहेर, आणि टेबलाबरोबर तुम्ही."

या गावात यंत्र विकत घ्यायचं नसतं, बघून बनवायचं असतं अशी एक जुनी समजूत आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा १९१८ च्या सुमारास इथंच घडवला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. तिथून जाताना आण्णांना दर वेळी एकच प्रश्न पडतो, "त्यानं लेथ कुणाचं वापरलं असंल?" तेव्हा पंधरा हजारांची अट आमच्या घरात कुणाला जाचक वाटली नाही.

टीव्ही राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मिळाला. भिंतीवरून पडलेला, कॅबिनेट फुटलेलं, स्टँड नाही, रिमोट नाही, पण पॅनेल शाबूत. २,६०० रुपये. मी मालकाला तो काउंटरवर आडवा ठेवायला लावला, चालू केला आणि चारही बाजूंनी फिरून बघायला लागलो. टीव्ही भिंतीवर असला की सगळे समोरून बघतात. आडवा ठेवला की चौघं चार दिशांनी बघणार, आणि काही पॅनेलं एका बाजूनं फिकट पडतात, माणसांचे चेहरे राखेसारखे दिसतात. त्यातल्या त्यात आयपीएस जातीचं पॅनेल सगळीकडून सारखं दिसतं. दोन टीव्ही नाकारले, तिसऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मालक म्हणाला, "टीव्ही घेताय का म्हस? दात पण मोजा की."

लाकूड फुकट होतं. शिवाजी पेठेतलं जुनं मातीचं घर उतरवलं तेव्हाची सागवानी दाराची चौकट माळ्यावर पडून होती. लॅपटॉपही फुकट, पडदा फुटलेला माझाच. आमच्या गल्लीतले सुतारमामा मजुरीचे दोन हजार घेणार होते. चौकट उतरवून रंधा मारला तेव्हा वरच्या काळ्या थराखाली लाकूड गुळाच्या रंगाचं निघालं, आणि एका जागी, आजीच्या उंचीला, हळदीकुंकवाचा डाग आत मुरलेला. सुतारमामांनी रंधा तिथंच थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. तो डाग आता टेबलाच्या आतल्या अंगाला आहे.

इन्फ्रारेडची चौकट आली त्या दिवशी आम्ही ती जमिनीवर, नुसत्या फरशीवर ठेवून लॅपटॉपला जोडली. दिसायला ॲल्युमिनियमची चार पट्ट्यांची रिकामी चौकट. आण्णांनी आतून हात फिरवला, "काच कुठाय?" काच नसतेच. दोन बाजूंना बारीक दिव्यांची रांग, समोरच्या दोन बाजूंना ते दिवे बघणारे डोळे. दिवे एकामागून एक लागत जातात, उभे आडवे, सेकंदाला कितीतरी वेळा. मध्ये काही आलं की एका डोळ्याला समोरचा दिवा दिसेनासा होतो, दुसऱ्या बाजूच्या डोळ्याचंही तेच, आणि जिथं त्या दोन अडलेल्या रेघा एकमेकींना छेदतात ती जागा. मी मोबाईलचा कॅमेरा चौकटीवर धरला. पडद्यावर फिकट जांभळ्या ठिपक्यांची माळ लागली. आण्णा एकदा मोबाईलमध्ये, एकदा चौकटीकडं, असं चार वेळा बघून झाल्यावर म्हणाले, "दिसत न्हाई, तरी हाय."

मग त्यांनी बोट घातलं. उजव्या हाताचं, पहिलं. लॅपटॉपला जोडलेल्या टीव्हीवर बाण सरळ तिथं गेला. बोट सरकवलं, बाण सरकला. तेल नाही, पाणी नाही, जोर नाही, करंगळी नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खिशातली पेन्सिल घातली. तीही चालली. काडेपेटी घातली. चालली. शेवटी व्हर्नियरचं टोक.

"ह्याला मानूस न् काडेपेटी एकच की रे," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. तक्रार होती हे पुढं कळलं.

काचेचा घोळ माझा. लक्ष्मीपुरीत पाच मिलिमीटरची टफन काच सांगितली, सातशे रुपये. काच आली, सुतारमामांनी चौकटीत पताम, म्हणजे काच बसायची खाच, मारून ठेवलं होतं, आणि काच बसेना. तीन मिलिमीटर मोठी. माप मीच दिलं होतं, टेपानं, आणि टेपाच्या टोकाचा आकडा वाकलेला होता. साधी काच असती तर कडेनं घासून घेतली असती. टफन काच आधी हव्या त्या मापाला कापतात, मग सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतानं झटक्यात थंड करतात. बाहेरची कातडी आवळलेली राहते, आतला गर ताणलेला. तिच्यातच तिची ताकद. नंतर तिला हिऱ्यानं चरा द्या नाहीतर ड्रिल लावा, अख्खी काच साखरेसारखी फुटते. दुसरी काच मागवावी तर पंधरा हजारांचं कुंपण.

"टेपानं माप घेतोस व्हय?" आण्णांना काचेचं काही नव्हतं, टेपाचं होतं. "घरात सहा इंची स्टीलची पट्टी हाय. तुझ्या जन्माच्या आधीची. तिला काय गंज आला?"

सुतारमामा शांत होते. तीन मिलिमीटर म्हणजे त्यांच्या भाषेत एक सूत. "काच ऐकणार न्हाई. लाकूड ऐकंल. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर काच बसलेली होती, पताम पटाशीनं सूतभर रुंद केलेलं, कड सफाईदार. पण टेबल माझं राहिलं नव्हतं. एका अंगाला सहा इंच रुंदीची फळी जोडलेली, साल-कूस करून, आतून खिळा न मारता. चौकटीचा उरलेला तुकडा. मधोमध असलेला पडदा आता एकीकडं सरकल्यासारखा दिसत होता, कुंकू एका बाजूला लागावं तसा. माझ्या ड्रॉइंगमधली समान दीड इंचाची पट्टी तीन बाजूंना राहिली आणि चौथीला हा ओटा.

मी चिडलो. वाढलेल्या लांबीबद्दल, बिघडलेल्या प्रमाणाबद्दल, न विचारण्याबद्दल बोललो. सुतारमामा हत्यारं पिशवीत भरत राहिले. आण्णा म्हणाले, "आता चहा ठेवायला जागा झाली." आईनं आतून चार कप आणून त्या फळीवर ठेवले. चारही बसले. भांडण तिथंच थांबवावं लागलं, कारण कप ठेवल्यावर ती फळी तिथं मुळातूनच असावी अशी दिसायला लागली.

पुढचे दोषही क्रमानं आले, पण त्यांचं फार सांगत नाही. टीव्ही आडवा घालून पेटीत कोंडल्यावर तापला आणि तासाभरानं पडद्याच्या मधोमध काळा ढग उमटला. आतलं द्रव स्फटिकाचं पाणी फार तापलं की असा अंधार धरतं, निवलं की जातो. खालच्या प्लायला भोकं पाडून कॉम्प्युटरचे दोन पंखे बसवले, एक आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. ढग गेला, बारीक घरघर राहिली. आण्णांना ती घरघर आवडते. यंत्र चालू आहे हे कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

उन्हाचं मात्र सांगायला हवं. आमच्या बैठकीच्या खोलीला पश्चिमेला खिडकी. टेबल झालं ऑक्टोबरात. नोव्हेंबर लागला तसं संध्याकाळी पाच-साडेपाचला टेबलाला भूत लागायला लागलं. कुणी हात न लावता नकाशा आपोआप सरकायचा, फोटो उघडायचे, मिटायचे. लॅपटॉप बदलून बघितला, वायर बदलली. चौथ्या दिवशी आईनंच पकडलं. तिरपं ऊन खिडकीतून थेट चौकटीच्या एका बाजूवर पडत होतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर. चौकटीचे डोळे दिपायचे, समोरचा दिवा लागला का विझला हे त्यांना कळेना, आणि ते अंदाजे बोलायला लागायचे.

ते दिवस नेमके किरणोत्सवाचे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे, आणि ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसंच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. ढग, धूळ, वाटेतल्या इमारती, यांतून किरणं कुठवर पोचली याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात. आई दर वर्षी गर्दीत जाते. त्या वर्षी ती देवळातून आली, टेबलाची नाचानाच बघितली आणि म्हणाली, "तिथं पायापासनं सुरुवात करतात. हितं सरळ डोस्क्यावर." मग खिडकीला तिची एक जुनी इरकल साडी लावली. अजून आहे.

आणि पुसणं. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. आई सकाळी सातला ओल्या फडक्यानं घरातलं प्रत्येक लाकूड पुसते, मग टेबल कसं सुटेल? फडकं म्हणजे टेबलाच्या दृष्टीनं पन्नास बोटं. पहिल्या सकाळी तिनं बावीस खिडक्या उघडल्या, मुलीचं चित्र अर्धं पुसलं आणि माझ्या साहेबांना एक अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. साहेबांनी उलट अंगठा पाठवला, म्हणून निभावलं. मी पडद्यावर कुलूप लावायचं बटण करून दिलं. ते बटण दाबायला पडद्याला हात लावायचा, म्हणजे आधी पुसायचं की आधी दाबायचं? आण्णांनी एका भंगारातल्या मशिनचा टॉगल स्विच आणला, चांगला जाडजूड, खटकन वाजणारा, आणि फळीच्या खाली बोटाला लागेल असा बसवला. चौकटीची वीज तेवढी तुटते. शेजारी ऑइल पेंटनं लिहिलं: पुसणे. अख्ख्या टेबलात मला स्वतःला सुचायला हवी होती अशी एकच गोष्ट कुठली म्हणाल तर ती हा स्विच.

हिशोब १४,५५० ला थांबला. बायकोनं कागद तपासला, साडी धरली नाहीत म्हणाली.

टेबलाचा घरात उपयोग काय, हे लोक विचारतात. मुलगी रंगवते. आईनं एकदा ठिपक्यांची रांगोळी काढून बघितली, सोळा ते एक. चिमटीतून काही सांडत नाही म्हणून अर्ध्यावर सोडली. फोटो बघतो. पाहुणे आले की एक गंमत होते: टेबल पेटलं की कुणी कप खाली ठेवत नाही. गरम कप या हातातून त्या हातात करत, टेबलापासून अंग चोरून बसतात, परक्याच्या घरातल्या बाळाला घ्यायला सांगितल्यासारखे. फळी दाखवली की सुटकेचा श्वास सोडतात. पेपर ठेवला तर पान उलटतं, किल्ल्या ठेवल्या तर काहीतरी उघडतं. माझ्या मेव्हण्यानं तर स्पष्टच विचारलं, "दाजी, ह्याच्यावर काही ठेवायचं नसंल तर ह्याला पाय कशाला दिले?" काडेपेटीबद्दल आण्णा काय म्हणाले होते ते मला तेव्हा उमगलं. या टेबलानं त्यांचं बोट नाकारलं नाही, कारण ते कुठलंच काही नाकारत नाही.

आण्णा मात्र रोज बसतात. पहाटे, घर उठायच्या आधी. खट करून स्विच, पंख्यांची घरघर, आणि मग उपग्रहाचा नकाशा. मी एकदा पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिलं. पडद्याचा निळसर उजेड खालून तोंडावर, आणि बोटाखाली उद्यमनगर, वरून दिसणारं, नुसते पत्रे. ते एकेका शेडवरून बोट फिरवत होते, जॉबवरून फिरवावं तसं, अगदी हलकं. एका छपरापाशी थांबले.

"ह्ये बघ. हितं माझं लेथ होतं. पत्रं बदलल्यात." मग बाजूचं छप्पर, "हितं पॅटर्नवाला." त्याच्या पलीकडं, "हितं भट्टी." मग खिशातून ती सहा इंची पट्टी काढली, शेडची लांबी मोजायला पडद्यावर ठेवली, आणि टेबलाला ती दोन बोटं वाटून अख्खं उद्यमनगर सरकन मोठं होऊन पडद्याबाहेर गेलं. उरलं एका गंजक्या पत्र्याचं धुरकट टोक.

"पळालं," आण्णा म्हणाले. पट्टी उचलली, दोन बोटांनी चिमटा घेऊन गाव परत आत ओढून आणलं. हे त्यांना कुणी शिकवलं, माहीत नाही. मुलीचं काम असावं.

त्यांचा चहा फळीवर होता. पॉलिश नवीन असतानाच पहिल्या आठवड्यात त्यांच्या गरम कपानं तिथं एक पांढरी कडी उमटवली होती. लाखेच्या पॉलिशला वाफ सोसत नाही. मला ती दिसली की अजून खुपते. म्हटलं, "आण्णा, रविवारी हे घासून परत पॉलिश मारू का?"

त्यांनी नकाशावरची नजर न हलवता डाव्या हातानं कप उचलला, घोट घेतला, आणि न बघता परत ठेवला. कप त्या कडीवर बरोबर बसला, दोन थाऊचा फरक नाही.

"नको," म्हणाले. "खूण ऱ्हाऊ दे. अंधारात चुकून तिकडं ठेवला तर गाव पळतंय."